लॅपटॉपला नंतर चांगले ग्राफिक्स कार्ड बसवता येते का? पैसे देण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा

गेम अडखळतो. सॉलिडवर्क्समध्ये मॉडेल फिरवले की चित्र तुटत तुटत फिरते. लग्नाच्या शूटिंगचा व्हिडिओ टाइमलाइनवर पुढेच सरकत नाही. लॅपटॉप घेऊन दीड-दोन वर्षे झालेली असतात आणि मग प्रश्न येतो, याला भारीतले ग्राफिक्स कार्ड टाकून मिळेल का? सांगलीच्या वालचंद कॉलेजचे विद्यार्थी, कुपवाड एमआयडीसीतले डिझायनर, विश्रामबागेतले आर्किटेक्ट, मिरजेचे व्हिडिओ एडिटर, सगळ्यांचा प्रश्न हाच.

सरळ उत्तर असे की आज दुकानात मिळणाऱ्या जवळपास कुठल्याही लॅपटॉपचे ग्राफिक्स कार्ड बदलता येत नाही. पण एवढे ऐकून लगेच नवा लॅपटॉप घ्यायला निघू नका. पुष्कळदा कार्ड कमी पडलेलेच नसते. त्याला पुरेशी वीज मिळत नसते, ते तापून हळू झालेले असते, किंवा काम त्याच्यापर्यंत पोचतच नसते. हे तिन्ही दोष थोड्या खर्चात किंवा फुकटात जातात. म्हणून आधी आकडे बघायचे आणि मगच खिशात हात घालायचा.

कार्ड बदलता का येत नाही

डेस्कटॉपमध्ये कार्ड हा वेगळा पार्ट असतो. स्लॉटमधून काढला, दुसरा लावला, काम झाले. लॅपटॉपमध्ये दोन प्रकार दिसतात. इंटेल यूएचडी, आयरिस एक्सई किंवा एएमडीचे रेडिऑन ग्राफिक्स असे लिहिलेले असेल, तर ग्राफिक्स प्रोसेसरच्याच चिपमध्ये आहे. काढण्यासारखे तिथे काही नाही. आरटीएक्स ३०५०, ४०५०, ४०६० असे नाव असेल तर चिप वेगळी आहे, पण ती शेकडो बारीक सोल्डर गोळ्यांवर मदरबोर्डला कायमची चिकटवलेली असते. तिच्या भोवतीच्या मेमरी चिपही तशाच.

मग ती चिप उपटून वरच्या दर्जाची का बसवू नये? कारण नव्या पिढीच्या चिपखालच्या गोळ्यांची मांडणी वेगळी असते. तिला लागणारी मेमरी वेगळी असू शकते. वीज पुरवणारे बाजूचे भाग, म्हणजे कॉइल आणि मॉसफेट, जुन्या चिपच्या विजेचा हिशेब धरून बसवलेले असतात. हीटसिंकचे तांब्याचे पाइप तेवढ्याच उष्णतेचे असतात. आणि लॅपटॉपच्या बायोसला, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला, नव्या चिपची ओळखच नसते. यातली एक अडचण सोडवली तरी बाकीच्या उभ्याच राहतात.

जळालेल्या चिपच्या जागी तीच चिप बसवता येते. त्यासाठी खालून-वरून ठरलेल्या तापमानाने गरम करणारे बीजीए मशीन आणि ते चालवणारा जाणता हात लागतो. ही दुरुस्ती झाली, अपग्रेड नव्हे. कुणी '३०५० काढून ४०६० बसवून देतो' म्हणाले तर तिथून निघा. हीट गनने चिप गरम करून लॅपटॉप चालू करून देण्याचा प्रकारही होतो. स्क्रीनवरच्या रेघा तेवढ्यापुरत्या जातात आणि काही आठवड्यांत परत येतात, कारण दोष बहुधा चिपच्या आतल्या जोडात असतो, बाहेरच्या सोल्डरमध्ये नाही. चिप नवी बसवणार, जुनीच काढून पुन्हा गोळ्या लावून बसवणार, की नुसती गरम करणार, हे दुकानदाराला विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

आपल्या मॉडेलचे खात्रीने कसे ओळखायचे

यूट्यूबवर बघू नका, कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचा सर्व्हिस मॅन्युअल उतरवा. लेनोवो त्याला हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल म्हणते, डेल सर्व्हिस मॅन्युअल, एचपी मेंटेनन्स अँड सर्व्हिस गाइड. त्यात सुट्या भागांची यादी असते. ग्राफिक्स कार्डाला स्वतःचा पार्ट नंबर नसेल आणि 'सिस्टिम बोर्ड'च्याच ओळीत प्रोसेसरसोबत ग्राफिक्सचे नावही लिहिलेले असेल, तर ते सोल्डर केलेले आहे. कार्ड काढण्याची वेगळी कृती चित्रासह दिली असेल तरच पुढे विचार करायचा.

याच मॅन्युअलमध्ये रॅमच्या आणि एसएसडीच्या जागा किती तेही कळते. ते पुढे उपयोगी पडेल.

मुख्य तपासणी: जे काम अडते तेच वीस मिनिटे चालवा

जीपीयू-झेड हा छोटा मोफत प्रोग्रॅम घ्या. त्याच्या 'सेन्सर्स' टॅबमध्ये खाली फाइलमध्ये नोंद ठेवायची खूण असते, ती चालू करा. टास्क मॅनेजरही उघडा, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून. चार्जर लावलेला हवा. मग तुमचा नेहमीचा गेम, मॉडेल किंवा एडिटिंग वीस मिनिटे चालवा. पहिल्या दोन-तीन मिनिटांच्या आकड्यांवर जाऊ नका, उष्णता साठायला वेळ लागतो.

आता काय दिसते ते बघा.

जीपीयू लोड, म्हणजे ग्राफिक्स चिपवरचा भार, शून्याजवळ असेल तर काम कार्डावर जातच नाही. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये 'जीपीयू ०' आणि 'जीपीयू १' असे दोन दिसतात, त्यातले प्रोसेसरमधले ग्राफिक्स राबत असते आणि पैसे मोजलेले कार्ड झोपलेले. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन तो प्रोग्रॅम निवडा आणि 'हाय परफॉर्मन्स' करा. प्रोग्रॅम बंद करून परत उघडल्याशिवाय बदल लागू होत नाही. ब्लेंडरमध्ये एवढ्याने भागत नाही. तिथे प्रेफरन्सेस, सिस्टिममध्ये सायकल्स रेंडर डिव्हाइस म्हणून ऑप्टिक्स किंवा कुडा निवडावे लागते आणि रेंडर पॅनलमध्येही डिव्हाइस 'जीपीयू कॉम्प्युट' करावे लागते. ही दुसरी पायरी बरेच जण विसरतात. ऑटोकॅडमध्ये 'ग्राफिक्सकॉन्फिग' ही आज्ञा देऊन हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन चालू आहे का ते पाहा.

लोड चाळीस-पन्नास टक्क्यांवर रेंगाळतो आणि प्रोसेसरचा एखादा कोअर पूर्ण भरलेला असतो, तेव्हा अडथळा प्रोसेसरचा आहे. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून 'लॉजिकल प्रोसेसर्स' निवडले की प्रत्येक कोअर वेगळा दिसतो, एरवी सरासरीत हे लपते. ऑटोकॅडचे टूडी काम मोठ्या प्रमाणात एकाच कोअरवर चालते. घराचा प्लॅन हळू उघडतो म्हणून कार्ड बदलायचा विचार करणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि औषध दुसरीकडे. फाइलमध्ये साचलेले नको ते ब्लॉक आणि लेयर 'पर्ज'ने काढा, फरक लगेच दिसेल.

'डेडिकेटेड जीपीयू मेमरी' चार जीबीपैकी ३.८ वर टेकली आणि 'शेअर्ड' वाढू लागली, तर कार्डाची मेमरी संपली आहे. इथे हिसके बसतात, सरासरी वेग चांगला असला तरीही. ही मेमरी वाढवता येत नाही. गेममध्ये टेक्स्चर एक-दोन पायऱ्या खाली आणा, बाकीचे तसेच राहू द्या. सावल्या आणि इतर गोष्टी आधी कमी करण्याची सवय असते, पण मेमरी खाण्यात टेक्स्चरचा वाटा मोठा असतो.

एक गैरसमज इथेच सांगितला पाहिजे. टास्क मॅनेजरमध्ये 'शेअर्ड जीपीयू मेमरी ८ जीबी' दिसते म्हणून लॅपटॉपला आठ जीबीचे कार्ड आहे असे नव्हे. ती साध्या रॅमपैकी निम्मी, गरज पडली तर वापरायला मोकळी ठेवलेली मर्यादा आहे. जुना लॅपटॉप विकताना हाच आकडा दाखवला जातो. बघायचा तो 'डेडिकेटेड'.

वीज कमी मिळते का

एकाच नावाची कार्डे वेगवेगळ्या वॅटवर येतात, आणि यावर पुरेसे बोलले जात नाही. लॅपटॉपचे आरटीएक्स ४०६० कंपनीनुसार ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत काहीही असू शकते, आरटीएक्स ३०५० ३५ पासून ८० पर्यंत. पातळ लॅपटॉपमधले ४०६० हे जाड लॅपटॉपमधल्या ४०५० पेक्षा फारसे पुढे नसते, कधी मागेही पडते.

जीपीयू-झेडमध्ये बोर्ड पॉवरचा आकडा पाहा. कंपनीने ९५ वॅट लिहिले असेल आणि लोड ९९ टक्के असताना आकडा ३५-४० वॅटवर अडकलेला असेल, तर तीन जागा तपासा.

पहिली जागा चार्जरची. मूळ १७० किंवा २३० वॅटचा चार्जर बिघडला म्हणून ६५ वॅटचा टाइप-सी लावला, तर लॅपटॉप चालू राहतो, चार्जही होतो, पण कार्डाची वीज तोडतो. बाजारातला 'तसाच' चार्जर घेतला आणि त्याची मधली ओळख पटवणारी पिन लॅपटॉपला पटली नाही, तरी तेच होते. काही मॉडेल चालू होताना तशी सूचना दाखवतात आणि आपण एंटर मारून पुढे जातो.

दुसरी जागा मोडची. लेनोवोच्या गेमिंग लॅपटॉपवर एफएन आणि क्यू, असूसवर एफएन आणि एफ५, बाकीच्यांवर त्यांचे स्वतःचे अ‍ॅप. शांत मोडमध्ये कार्ड अर्ध्या विजेवरही चालू शकते. विंडोजचे 'बेस्ट परफॉर्मन्स' वेगळे आणि कंपनीचा मोड वेगळा, दोन्ही बघा.

तिसरी जागा बॅटरीची. लाइट गेली की कार्डाचा वेग धाडकन पडतो. हा बिघाड नाही, लॅपटॉपची बॅटरी शंभर-दीडशे वॅट सतत देण्यासाठी केलेली नसते. आपल्याकडे वळवाच्या पावसात लाइट जाते-येते, अशा वेळी रेंडर लावले असेल तर चार्जर घरच्या इन्व्हर्टरच्या सॉकेटवर ठेवा. २३० वॅटचा चार्जर दोन-तीन पंख्यांएवढा भार टाकतो, साधा इन्व्हर्टर तो सहज पेलतो.

उष्णता

सांगलीत एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशीकडे जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त. खोलीचे तापमान दहा अंशांनी वाढले तर चिपचे तापमानही साधारण तेवढेच चढते, कारण पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. म्हणून डिसेंबरात सुरळीत चालणारा लॅपटॉप मेमध्ये अडखळतो आणि 'कार्ड जुने झाले' असे वाटते.

जीपीयू-झेडच्या 'परफकॅप रीझन'मध्ये, म्हणजे वेग कशामुळे अडला ते सांगणाऱ्या ओळीत, 'थर्म' दिसले तर उष्णतेची खात्रीच. ते न दिसता 'पीडब्ल्यूआर' दिसले तर मर्यादा विजेची आहे. 'व्हीरेल' म्हणजे कार्ड व्होल्टेजच्या टोकापर्यंत गेले आहे, आणि ते चांगले लक्षण आहे. एनव्हीडियाची लॅपटॉप कार्डे बहुधा ८७ अंशांच्या आसपास वेग कमी करू लागतात. ज्या कार्डांत 'हॉट स्पॉट'चा आकडा दिसतो तिथे तो मुख्य तापमानापेक्षा वीस-पंचवीस अंशांनी वर असेल, तर चिप आणि हीटसिंक यांच्यातली पेस्ट सुकली किंवा सरकली आहे.

आधी धूळ. ऊस गाळपाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रस्त्यालगतची घरे, मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढ्या, कुपवाडच्या वर्कशॉपमधली ऑफिसे, इथे पंख्याच्या मागे जाळीवर नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून फुंकून तो निघत नाही. मागचे झाकण उघडून, सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर मदरबोर्डवरून काढा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, मग मऊ ब्रशने किंवा हातातल्या छोट्या ब्लोअरने जाळी साफ करा. पाती मोकळी सोडून हवा मारली तर पंखा त्याच्या मर्यादेपलीकडे फिरतो आणि बेअरिंग जाते. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा अजिबात नको, तिच्यात पाणी आणि तेलाचे कण असतात.

पेस्ट बदलायची असेल तर हीटसिंकवरच्या स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे अंक कोरलेले असतात. सोडवताना उलट क्रमाने, आवळताना सरळ क्रमाने, प्रत्येक स्क्रू थोडा थोडा. एक कोपरा एकदम आवळला तर उघड्या सिलिकॉनचा कोपरा उडतो आणि मग काहीच उरत नाही. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. लॅपटॉपच्या चिपला झाकण नसते, त्यामुळे पेस्ट सगळ्या चिपभर पातळ पसरलेली हवी. पातळ पेस्ट उष्णतेने काही महिन्यांत कडेला ढकलली जाते, लॅपटॉपसाठी घट्ट पेस्ट किंवा पीटीएम७९५० सारखा फेज चेंज शीट जास्त टिकतो.

मेमरी चिपवरचे थर्मल पॅड फाटले नसतील तर हात लावू नका. फाटले असतील तर जाडी मोजूनच नवे घ्या. एक मिलिमीटरच्या जागी दीडचे बसवले की हीटसिंक वर उचलला जातो, मुख्य चिपला टेकत नाही आणि तापमान आधीपेक्षा वाढते. 'पेस्ट बदलल्यावर जास्त तापतो' या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असते. आणि उघडल्यावर चांदीसारखा चकाकणारा द्रव दिसला तर थांबा. तो लिक्विड मेटल आहे. वीजवाहक असतो, बाजूला सांडला तर शॉर्ट होतो, अ‍ॅल्युमिनियमला लागला तर ते खातो. अशा लॅपटॉपचे काम जाणकाराकडेच द्या.

प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स असेल तर रॅम बघा

वेगळे कार्ड नसलेल्या लॅपटॉपसाठी हा एकच उपाय खऱ्या अर्थाने अपग्रेड आहे. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते साधी रॅम वापरते. डीडीआर४ ३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन पट्ट्या ५१.२. ग्राफिक्सची भूक एका पट्टीत भागत नाही.

इंटेलच्या अकराव्या ते तेराव्या पिढीच्या आय५-आय७ लॅपटॉपमध्ये याची खूण समोरच असते. खोक्यावर 'आयरिस एक्सई' लिहिलेले आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएचडी ग्राफिक्स' दिसते. कुणी फसवलेले नसते. एकच पट्टी असली की इंटेलचा ड्रायव्हर तेच नाव दाखवतो, दुसरी टाकली की नाव बदलून आयरिस एक्सई होते आणि वेगही वाढतो. कोअर अल्ट्राच्या एच मालिकेत 'आर्क' हे नाव दिसण्यासाठीही रॅम दोन चॅनेलवर आणि किमान १६ जीबी लागते.

टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक करा. 'स्लॉट्स यूज्ड' २ पैकी १ असेल आणि 'फॉर्म फॅक्टर' एसओडीआयएमएम, म्हणजे सुटी पट्टी, असेल तर जागा आहे. तिथे 'रो ऑफ चिप्स' लिहिले असेल तर रॅम सोल्डर केलेली आहे. काही लॅपटॉपमध्ये ८ जीबी सोल्डर आणि एक स्लॉट मोकळा असतो, म्हणून मॅन्युअल बघा. डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, खाच वेगळ्या जागी असते. आहे त्याच क्षमतेची आणि वेगाची पट्टी घ्या. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत, तेव्हा विश्वासू दुकानातली तपासून दिलेली जुनी पट्टीही चालते, रॅममध्ये झिजण्यासारखे काही नसते.

पट्टी तिरकी आत सरकवून खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या पकडी कट्ट आवाज करतात. डीडीआर५ बसवल्यावर पहिल्या वेळी स्क्रीन काही मिनिटे काळी राहू शकते. लॅपटॉप रॅमची ओळख करून घेत असतो, घाबरून पॉवर बटण दाबू नका.

काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये ग्राफिक्ससाठी ५१२ एमबी ऐवजी २ जीबी राखून ठेवण्याची सोय असते. त्याने काही गेम 'मेमरी कमी आहे' म्हणून अडायचे थांबतात. वेग मात्र त्याने वाढत नाही, आणि आठच जीबी रॅम असेल तर उलट विंडोज गुदमरते.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांसाठी

बरेच नवे कॅमेरे १०-बिट ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगाची जास्त माहिती ठेवणाऱ्या प्रकारात, शूट करतात. एनव्हीडियाच्या ५० मालिकेच्या आधीच्या कुठल्याही कार्डात असा व्हिडिओ उलगडण्याची हार्डवेअर सोय नाही, मग ते ४०९० का असेना. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला एचईव्हीसीतले (एच.२६५) ४:२:२ उलगडता येते. म्हणजे महागडे कार्ड असूनही अडखळणारी टाइमलाइन प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सने सुरळीत चालू शकते. प्रीमिअरमध्ये प्रेफरन्सेस, मीडिया इथे डीकोडिंगसाठी इंटेल चालू आहे का ते बघा.

इथे एक गोम आहे. गेमिंगसाठी मक्स स्विच (स्क्रीन कुठल्या ग्राफिक्सने चालवायची ते ठरवणारी सोय) 'फक्त वेगळे कार्ड' अशा स्थितीत ठेवला असेल तर इंटेलचे ग्राफिक्स बंदच होते आणि ही सोयही जाते. एडिटिंगसाठी 'हायब्रिड' करा, गेमसाठी परत बदला. कॅमेरा एच.२६४ मध्ये ४:२:२ देत असेल किंवा प्रोसेसर एएमडीचा असेल, आणि कार्ड ५० मालिकेचे नसेल, तर वाट बहुधा एकच, प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती. १२८० रुंदीच्या प्रोरेस प्रॉक्सी रात्री लावून ठेवा आणि सकाळी कामाला बसा.

खरोखर बदलता येणारे लॅपटॉप

आहेत, थोडे. एमएक्सएम नावाचा सुटा कार्ड-प्रकार २००४ मध्ये आला. डेल प्रिसिजन एम४८००, एम६८००, एचपी एलिटबुक ८५७०डब्ल्यू, ८७७०डब्ल्यू, झेडबुक १५ आणि १७ च्या पहिल्या दोन पिढ्या यांत ही कार्डे आहेत. पुण्या-मुंबईच्या जुन्या लॅपटॉपच्या बाजारात ही यंत्रे अजून दिसतात आणि 'कार्ड बदलता येते' म्हणून विकली जातात.

घेण्याआधी हिशेब करा. एमएक्सएम ३.० चे टाइप ए कार्ड ८२ बाय ७० मिलिमीटर, टाइप बी ८२ बाय १०५. लहान जागेत मोठे बसत नाही. स्क्रूची छिद्रे जुळली तरी हीटसिंकचा आकार जुळेलच असे नाही. एचपीचा बायोस अनोळखी कार्ड दिसले की चालू व्हायलाच नकार देऊ शकतो. एनव्हीडियाचा ड्रायव्हर 'योग्य हार्डवेअर सापडले नाही' म्हणतो, कारण त्या लॅपटॉपसाठी त्या कार्डाची नोंद त्याच्या फाइलमध्ये नसते, ती हाताने घालावी लागते. यात बसणारी बहुतेक परवडणारी कार्डे एनव्हीडियाच्या मॅक्सवेल किंवा पास्कल या जुन्या पिढ्यांची आहेत आणि त्यांचे नियमित गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. त्या यंत्रांतले तिसऱ्या-चौथ्या पिढीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. हातात असलेले यंत्र बंद पडले आणि त्याच जातीचे कार्ड मिळाले तर जरूर बसवा. अपग्रेडच्या आशेने नव्याने घेऊ नका.

डेलच्या २०१९ च्या एलियनवेअर एरिया-५१एम मध्येही कार्ड सुटे होते, पण त्याचा आकार डेलचा स्वतःचा. आरटीएक्स ३० मालिका त्या आकारात आली नाही आणि वाट तिथेच संपली. सुटे कार्ड असणे वेगळे आणि पुढच्या पिढीचे कार्ड त्या आकारात बाजारात येणे वेगळे. फ्रेमवर्क लॅपटॉप १६ ने हे करून दाखवले. २०२४ पासून रेडिऑन आरएक्स ७७००एस च्या मॉड्यूलसह मिळणाऱ्या या लॅपटॉपला २०२५ मध्ये आरटीएक्स ५०७० चे मॉड्यूल आले, तेही जुन्याच लॅपटॉपला लागणारे.

बाहेरून कार्ड जोडणे

लॅपटॉपला थंडरबोल्ट ३, ४ किंवा यूएसबी४ पोर्ट असेल तर डेस्कटॉपचे कार्ड बाहेरच्या डब्यात ठेवून जोडता येते. टाइप-सी पोर्ट दिसला म्हणजे झाले, असे नाही. पोर्टजवळ विजेची खूण हवी किंवा मॅन्युअलमध्ये तसे स्पष्ट लिहिलेले हवे. त्या टाइप-सीवर मॉनिटर चालतो एवढ्याने कार्ड चालत नाही.

वेगाचा तोटा होतोच. थंडरबोल्ट ३ ची केबल ४० गिगाबिटची, पण कार्डाच्या वाट्याला त्यातले साधारण २२ येतात, म्हणजे सेकंदाला तीन जीबीपेक्षा कमी. डेस्कटॉपचा पीसीआय एक्स्प्रेस ३.० चा पूर्ण स्लॉट जवळपास १६ जीबी देतो. मॉनिटर थेट कार्डाला लावा. लॅपटॉपच्याच स्क्रीनवर चित्र घेतले तर ते त्याच अरुंद वाटेने परत येते आणि तोटा वाढतो.

थंडरबोल्ट नसेल तर एसएसडीच्या एम.२ स्लॉटमधून जोडणारे अ‍ॅडॉप्टर मिळतात, एडीटी-लिंकचे प्रसिद्ध आहेत. ऑक्युलिंक केबलने चार लेनचा पीसीआय एक्स्प्रेस ४.० मिळाला तर ६४ गिगाबिट, थंडरबोल्टपेक्षा बरेच सरस. त्यासाठी दुसरा एम.२ स्लॉट रिकामा हवा आणि तो वेगवान एनव्हीएमई एसएसडीचा हवा, जुन्या साटा प्रकारचा नव्हे. वेगळा ४५०-६५० वॅटचा डेस्कटॉप पॉवर सप्लाय लागतो. केबलसाठी मागचे झाकण अर्धवट उघडे ठेवावे लागते किंवा कापावे लागते. लॅपटॉप चालू असताना ही केबल काढू किंवा लावू नका, बोर्ड जाऊ शकतो.

जोडल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'कोड १२' आला तर कार्डासाठी मेमरीतल्या पत्त्यांची (अ‍ॅड्रेसची) जागा पुरत नाही. आतले वेगळे कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करून लॅपटॉप पुन्हा सुरू करा, बायोसमध्ये 'अबव्ह ४जी डीकोडिंग' असेल तर चालू करा. 'कोड ४३' आला तर आधी डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) या प्रोग्रॅमने सेफ मोडमध्ये जुने ड्रायव्हर पुसा, मग केबल बदलून पाहा. स्वस्त, लांब केबल हे त्याचे नेहमीचे कारण.

डबा, पॉवर सप्लाय, कार्ड आणि मॉनिटर मिळून होणाऱ्या खर्चात थोडी भर घातली की साधा डेस्कटॉप उभा राहतो. लॅपटॉपचा प्रोसेसर ताकदीचा असेल आणि घरी-कॉलेजला एकच यंत्र वापरायचे असेल तेव्हाच ही वाट पत्करा.

कार्ड मेले असेल तर

रेघा, चौकोन, ड्रायव्हर टाकला की काळी स्क्रीन, अशी लक्षणे असतील तर सेफ मोडमध्ये जाऊन डिव्हाइस मॅनेजरमधून वेगळे कार्ड 'डिसेबल' करा. बहुतेक लॅपटॉपमध्ये स्क्रीन प्रोसेसरच्या ग्राफिक्सला जोडलेली असते, त्यामुळे ऑफिस, कोडिंग, इंटरनेट यासाठी यंत्र पुढे काही वर्षे चालते. एचडीएमआय पोर्ट कार्डाला जोडलेला असेल तर तो मात्र बंद होईल, तेव्हा मॉनिटर टाइप-सीवरून चालतो का ते पाहा.

जुना लॅपटॉप घेताना झाकण उघडून दाखवायला सांगा. आपल्या भागात २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलेली यंत्रे धुऊन-वाळवून बाजारात आलेली असू शकतात. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट-पांढरी भुकटी, स्क्रूंवर गंज, ओल दाखवणारा पांढरा ठिपका लाल झालेला, यातले एक जरी दिसले तरी घेऊ नका.

नवा घेताना नावावर जाऊ नका. दुकानदाराला कार्डाचा वॅट विचारा, कंपनीच्या पानावर तो टीजीपी म्हणून लिहिलेला असतो. मेमरी सहा जीबीपेक्षा कमी नको, आठ असेल तर उत्तम. रॅमचे दोन स्लॉट, एम.२ च्या दोन जागा आणि एक थंडरबोल्ट किंवा यूएसबी४ पोर्ट एवढे असेल तर पुढे काही करता येण्याजोगे उरते. आणि पैसे देण्याआधी काउंटरवरच, चार्जर लावून, टास्क मॅनेजरमधला डेडिकेटेड मेमरीचा आकडा खोक्यावरच्या आकड्याशी जुळवून बघा.